काठभांडण आणि पाकातली जीभ

यंदाचा 'गडवेढा' हा टीव्हीवरचा खेळ ज्यानं बनवला त्यानं जन्मात बैल उठताना पाहिलेला नाही. बैल आधी मागचे पाय उचलतो, मग पुढचे. यांचा बैल घोड्यासारखा पुढून उठतो. गवताचं पातं न् पातं वाऱ्यावर हलतंय, पाण्यात ढगाची सावली पडलीय, आणि त्या पाण्यावर आलेला बैल मात्र घोडा. मी पहिल्या गडवेढ्यापासून खेळते. तेव्हा चित्र भरड होतं, पण गड घ्यायला डोकं लागायचं. दुसऱ्यात तटाला शिड्या आणल्या, चाललं. तिसऱ्यात मावळे उडायला लागले, तेव्हाच मी ओळखलं, या लोकांकडचं सांगण्यासारखं संपलं. आणि या चौथ्यात दर दोन पावलांवर कुणीतरी चांदीची पगडी विकायला उभा. दिंडीदरवाज्याच्या पायरीत माणसाचा पाय अडकून बसतो, ते वर्षभर दुरुस्त होत नाही. पगड्या मात्र रोज नव्या.

हे सगळे खेळ ज्याच्या दारातून, म्हणजे ज्या कंपनीकडं खातं उघडून, खेळावे लागतात तो खेळोबा. देवासारखं नाव ठेवलं म्हणून कुणी देव होत नाही. आत जायचं तर त्याची मर्जी, कुणाशी बोलायचं तर त्याची मर्जी, आणि अमावस्या-पौर्णिमेला 'नवीन काय' म्हणून जे येतं त्यात जुनं चांगलं होतं ते मोडलेलं असतं. तरी मी खेळत होते. कारण मला दोन काठ दुसरीकडं कुठं मिळत नव्हते.

हे कळायला काठभांडण माहीत पाहिजे. आमची हुंबरी ओढ्याच्या या काठाला, सोनखडी त्या काठाला. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही गावच्या बाया आपापल्या काठावर उभ्या राहायच्या आणि दिवस कलेपर्यंत एकमेकींना शिव्या द्यायच्या. ज्या साली भांडण झालं नाही त्या साली पाऊस रुसला, असं आमच्या सासवा सांगायच्या. त्याचे कायदे होते. शिवी पाण्यावरूनच द्यायची. एका काठावर भेट झाली तर हळद-कुंकू लावायचं आणि गोड बोलायचं. आणि भांडणाच्या दिवशी काठावर उभं राहून गोड शब्द काढायचा नाही. का, तर आमच्याकडं काठावरून गोड शब्द एकाच बाईला मिळायचा. जी पुढच्या पंचमीला दिसणार नाही, तिला. आजारानं वाळलेली बाई धरून धरून काठावर आणायचे, आणि समोरच्या बाया तेवढ्यापुरत्या गप होऊन म्हणायच्या, "जप गं बाई जिवाला." तो निरोप असायचा. ती पण समजायची.

सोनखडीच्या बाजूला गजरा. गजरा कदम. मी लग्न होऊन आले त्याच साली तीही आली, आणि पहिल्याच पंचमीला तिनं माझ्या नाकाचा उद्धार केला. तेव्हापासून दर साली तिचं तोंड आणि माझं तोंड. बाकीच्या बाया नुसता गलका करायच्या. आमचं ऐकायला लोक झाडावर चढायचे. गजराला मी एका काठावर फार तर चार-दोन लग्नांत भेटले असेन, आणि तेव्हा आम्हाला एकमेकींशी काय बोलावं ते सुचलेलं नाही.

मग धरण झालं. ओढा, दोन्ही काठ, झाडं, सगळं पाण्याखाली. हुंबरी माळावर बसवली, सोनखडी पार दुसऱ्या तालुक्यात. गजरा लेकीकडं सोलापूरला गेली. दोन सालं भांडण झालं नाही. तिसऱ्या साली माझी सून ऋतुजा, कानाच्या दवाखान्यात कामाला असते, तिनं टीव्हीवर गडवेढा लावला आणि म्हणाली, "आत्या, यात मधून नदी आहे बघा. अलीकडं तुमचा गड, पलीकडं त्यांचा." माझे अंगठे म्हशीच्या धारा काढून तयार झालेले. कंट्रोलर पंधरवड्यात वश झाला. तिकडं गजराच्या लेकीनं, उज्ज्वलानं, आईला शिकवलं. पहिल्या वर्षी बऱ्याच बाया आल्या, मग एकेक करून मालिकांकडं पळाल्या. शेवटी नदीवर उरलो आम्ही दोघी. पंचमीच्या दुसऱ्या दिवशी भांडण, आणि एरवी वर्षभर मुकाट्यानं एकमेकींचे गड लुटायचे.

यंदाही मी काठावर गेले. गजराचा खेळातला गडी समोर उभा होता, पाठीमागं तिचा लाडका पांढरा बैल पाखऱ्या. मी पदर खोचला आणि सुरुवात केली.

"गजरे, आलीस का गं उकिरड्यावरचं गाडगं. तुझ्या भाकरीला भेगा बघून रान नांगरायला आले लोक. तुझ्या नवऱ्याच्या पटक्यात कोंबडी अंडी घालती, आणि तू ती देवाला दाखवून खाती."

हे बरं जमलं होतं. मी उत्तराची वाट बघत उभी राहिले. पलीकडून गजराचाच आवाज आला, तोच घोगरा, तोच सोनखडीचा हेल.

"तानूताई, तुमची फार आठवण येते. तब्येतीला जपा."

मला वाटलं टीव्ही बिघडला. मी आणखी चढवलं. तिच्या माहेरावर गेले, तिच्या म्हशीवर गेले, तिच्या बारशाच्या घुगऱ्या कच्च्या होत्या तिथपर्यंत गेले. ती म्हणाली, "तुमचं बोलणं ऐकून समाधान वाटलं. सुखी राहा."

मला गुडघेदुखीपलीकडं काही नाही. पण गजरा काठावरून मला निरोप देत होती. नाहीतर दुसरा अर्थ, की तिला माझ्याशी भांडण चालवायचंच नाही. दोन्हीतलं मला एकही पटेना. मी कंट्रोलर आपटला आणि टीव्ही बंद केला. ऋतुजा भाजी निवडत होती. मी तिला म्हणाले, "ही भाजी आहे का गवत? तुझ्या आईनं तुला निवडायला शिकवलं का नुसतं चिवडायला?" ती हसून म्हणाली, "हो आत्या, बघते." दिवाळीपासून पोर अशीच होती. उलट बोलणं बंद. मी गावभर सांगत होते, सून सुधारली, माझ्या हाताखाली सुधारली.

त्यानंतर उज्ज्वलाचा फोन आला.

"तानामावशी, एक विचारायचं होतं. तुम्हाला कुणी सांगितलं?"

"काय सांगितलं?"

"आईच्या पोटातल्या गाठीचं."

उज्ज्वला बोलत राहिली. डॉक्टर म्हणतात ऑपरेशन केलं तर निभावेल, लवकर करा. आई तयार होती, भांडण झालं की दवाखान्यात जाऊ म्हणाली होती. भांडण झालं आणि ती अंथरुणावर पडली. आता कागदावर सही करत नाही. म्हणते, तानीला दिसलं. तानीसारखी बाई काठावरून गोड बोलली म्हणजे माझं भरलं. आता कापाकापी करून काय उपयोग.

"मी गोड बोलले?" मी म्हणाले. "मी तिला उकिरड्यावरचं गाडगं म्हणाले."

"मावशी, मी शेजारीच बसले होते. तुम्ही म्हणालात, गजराताई, तुम्ही आलात, डोळे निवले. तुमच्या हातच्या भाकरीची सर कुणाला नाही."

"आणि कोंबडीचं?"

"कोंबडी नव्हती त्यात."

मी फोन ठेवला आणि ऋतुजाला हाक मारली. तिनं ऐकलं आणि ती खाली बघायला लागली. खाली बघणारी सून मला ओळखता येते. मी म्हणाले, "बोल."

ती बोलली, आणि समजेल असं बोलली, एवढं श्रेय देते. खेळोबानं नवीन यंत्र बसवलं होतं, नाव मधुरवाणी. या खेळांत पोरं एकमेकांना फार घाण बोलतात. आधी खेळोबा शिव्या पकडून माणसाला बाहेर काढायचा. पण काढलेला माणूस पगड्या घेत नाही. म्हणून हे आणलं. माणूस तोंड उघडायच्या आधी श्वास ओढतो, गळा ताणतो, पहिलं अक्षर विशिष्ट जोरानं फेकतो. लाखो माणसांचं बोलणं ऐकून यंत्र शिकलंय, की असा श्वास आणि असं अक्षर आलं की पुढं काय येणार. कंट्रोलर धरलेल्या हाताची नाडीसुद्धा ते मोजतं. पापणी मिटून उघडते तेवढ्यात ते अख्खं वाक्य ओळखतं, काढून टाकतं, आणि त्या जागी गोड वाक्य ठेवतं. आवाज आपलाच. आपण वर्षानुवर्षं त्याच्या दारात बोललेलो असतो, त्यावरून आवाज, हेल, दम लागणं, सगळं त्यानं उचललेलं असतं. लांबच्या बोलण्याला तसाही जरा उशीर होतो, त्या उशिरात हे लपून जातं. बोलणाऱ्याला कळत नाही, ऐकणाऱ्यालाही नाही.

"मला विचारलं होतं का?"

"मध्ये पाटी आली होती. तुम्ही मान्य दाबलं."

"पाटीवर मी मान्यच दाबते. न दाबून आत कोण सोडतंय?"

"सगळेच दाबतात, आत्या."

"हे गजराच्या तोंडालाही लागलंय?"

"सगळ्यांच्याच."

म्हणजे गजरासुद्धा शिव्याच देत होती. पोटात गाठ घेऊन, कळा सोसत, माझ्यासाठी वर्षभर घोळवलेल्या शिव्या. त्यातली एकही माझ्यापर्यंत आली नाही. काय म्हणाली असेल ती मला, याचा विचार करून मला रात्रभर चुटपुट लागली असती, पण त्याआधी दुसरंच निघालं.

मी विचारलं, "तुला एवढी बारीकसारीक माहिती कशी?"

ऋतुजानं केसांआडून, दोन्ही कानांतून, ज्वारीच्या दाण्याएवढी दोन बोंडं काढली आणि माझ्यासमोर ताटलीत ठेवली. दवाखान्यात विकायला येतात. तेच यंत्र, फक्त कानातलं. कटकटीच्या घरांसाठी.

"कधीपासून?"

"दिवाळीपासून."

माझ्या डोळ्यासमोरून सगळे महिने गेले. मी हिच्या भाताला काय काय म्हणाले, हिच्या माहेरच्या लाडवांना काय म्हणाले, आणि ही 'हो आत्या' म्हणत हसत होती. मी सून वळवली म्हणून मिरवत होते आणि ही माझं एक अक्षर ऐकत नव्हती.

"मग कोणाबरोबर राहत होतीस तू या घरात?"

"एका चांगल्या बाईबरोबर," ती म्हणाली. मग तिचा आवाज बदलला. "आत्या, तुमचं भांडण वर्षातून एक दिवस असतं, मधे पाणी असतं. मला रोज एकाच काठावर ऐकावं लागतं. कायदा तुम्हीच सांगता ना? एका काठावर शिवी द्यायची नाही?"

मी उठून म्हशीकडं गेले आणि तिला जे सांगायचं ते सांगितलं. म्हैस बोंडं घालत नाही.

दुसऱ्या दिवशी खेळोबाकडं तक्रार केली. त्याच्या दारात मदतीला एक आवाज ठेवलाय, बाईचा, तुपात बुडवलेला. मी सांगितलं, तुझं यंत्र काढ, माझ्या माणसाचा जीव चाललाय, आणि तू ज्या झाडाखाली जन्मलास त्या झाडाला कावळासुद्धा बसत नाही. ती बाई म्हणाली, "आमची सेवा आवडल्याचं कळवल्याबद्दल आभारी आहोत." ऋतुजानं कपाळाला हात लावला. तक्रारसुद्धा त्याच नळातून जात होती. मग तिनं तक्रार लिहून पाठवली. उत्तर आलं, मधुरवाणी बंद करता येत नाही, सर्वांच्या मनःशांतीसाठी आहे, आणि ती चुकवायचा प्रयत्न केल्यास खातं कायमचं बंद होईल. खातं म्हणजे माझा गड, माझी गुरं, पहिल्या गडवेढ्यापासून राखलेली तलवार. तिसऱ्यातल्या उडत्या पोरांनासुद्धा जो तट घेता आला नाही तो तट.

ऋतुजा म्हणाली, "फोन करा ना सरळ गजरामावशींना. नाहीतर सोलापूरला जाऊ."

"जाऊन काय करू? तिच्या खाटेवर बसून शिव्या देऊ? एका काठावर? तिथं गेले की मला कुंकूच लावावं लागेल. आणि गोडच बोलावं लागेल. ती म्हणेल, बघा, घरी येऊन पण निरोप देऊन गेली."

"मग फोन?"

"फोन कानाला लागलेला असतो. तो एकच काठ."

तिला पटलं नसेल. पण तिनं वाद घातला नाही, आणि तिच्या कानात बोंडं नव्हती, म्हणजे हे ऐकून घेऊन गप्प राहिली होती. मी ते नोंदून ठेवलं. मग मी विचारलं, "ते यंत्र सगळंच बदलतं का गं? खोकला?"

"नाही. खोकला, हसणं, रडणं सोडून देतं. सुरुवातीला रडणंही पुसायचं, तर लोकांनी बोंब मारली."

"काय मारली?"

तिनं हातातलं काम खाली ठेवलं.

"बिनशब्दाचं असलं की त्याला पुढचं काही ओळखता येत नाही," ती सावकाश म्हणाली. "मग ते तसंच जाऊ देतं. पण आत्या, नाडी मोजतंय ते. एवढा मोठा आवाज आणि चढलेली नाडी म्हटल्यावर नंतर पकडतीलच. खातं जाईल."

"पहिल्यांदा गजरा काठावर आली पाहिजे," मी म्हणाले. "खात्याचं मग बघू."

गजरा खेळायला येत नव्हती. उज्ज्वला सांगायची, भिंतीकडं तोंड करून पडलेली असते. म्हणून मी नदी ओलांडली. तिच्या गडावर पहारा नव्हता, तट लेकीनं कसाबसा सांभाळलेला. दाणागोट्याला हात लावला नाही. पाखऱ्याच्या वेसणीला हात घातला. गडवेढ्यात कुणी गुरं वळवली की मालकाच्या फोनवर शिंग वाजतं, आणि मालक स्वतः येईपर्यंत ते वाजत राहतं. एवढी एक गोष्ट या लोकांनी बरी केलीय. मी पाखऱ्याला नदीतून अलीकडं आणला, माझ्या गोठ्यात बांधला आणि काठावर येऊन उभी राहिले. तो मेला परत पुढून उठला.

तिकडं सोलापुरात शिंग वाजत राहिलं. मी उभी. ऋतुजा चहा घेऊन आली, तो गार झाला. मग पलीकडच्या काठावर गजराचा गडी आला. हळू येत होता, दोनदा थांबला.

"तानूताई," तिचा आवाज आला. "माझा पाखऱ्या तुमच्याकडं सुखात राहू दे."

त्या वाक्याखाली काय गाडलंय ते मला आता माहीत होतं. ती माझा मुडदा बसवत होती. पण तिला माझं तसंच ऐकू येणार होतं, आणि तिला अजून काही माहीत नव्हतं. माझ्याकडून कळल्यावर उज्ज्वलानं यंत्राचं तिला सांगून बघितलं होतं. ती म्हणाली होती, समजूत काढायला पोरी काहीही रचतात.

मी तोंड उघडलं नाही. एक शब्द निघाला असता तर त्याचा पाक झाला असता. मी कंट्रोलर खाली ठेवला, छातीत मावेल तेवढा वारा घेतला, उलटा हात तोंडावर धरला आणि बोंब ठोकली. होळीला मारतात ती. काठभांडणात ती शेवटी मारतात, जिला समोरची बाई पुरून उरली तिला चिडवायला. तिचा अर्थ एकच, संपलं नाही, ये पुढच्या वर्षी. मरणाऱ्या बाईला ती कधी मारत नाहीत. माळावरची कुत्री भुंकायला लागली. शेजारचा बाहेर आला. ऋतुजा दाराला टेकून उभी होती.

पलीकडं काही नाही. गजराचा गडी नुसता उभा. मी पुन्हा हात तोंडावर धरला. दम पुरला नाही, मधेच तुटली, वय झालंय. तेव्हा माझ्या मागून दुसरी आली. पातळ, बिनसरावाची, शहरात वाढलेल्या पोरीची. मी मागं वळून बघितलं नाही, नाहीतर तिनं बंद केली असती. आम्ही दोघींनी मिळून ती चालू ठेवली.

आणि मग नदीवरून उत्तर आलं. आधी वाटलं खोकलाय. मग ओळखू आलं. हात जागेवर नव्हता, आवाज फाटत होता, पण तोंडावर हात आपटत होता आणि ती आमच्यावर बोंब मारत होती. पोटाला धरून मारत असणार. दोन ठोके, थांबली, आणखी तीन ठोके. त्यात शब्द नव्हता म्हणून कुठल्या यंत्राला त्याचं साखरपाणी करता आलं नाही. मला आयुष्यात एवढी घाण शिवी कुणी दिलेली नाही.

तेवढ्यात टीव्ही काळा झाला. पाटी आली, तुमच्या वर्तनामुळे हे खातं कायमचं बंद करण्यात येत आहे, आम्ही तुम्हाला शुभेच्छा देतो. गड गेला, तट गेला, तलवार गेली. त्या खेळोबाच्या दारात परत जाणार नाही मी. ज्यांना जायचंय त्यांनी जावं, चांदीची पगडी घालून गोड गोड बोलत बसावं, आणि समोरचा आपल्याला काय म्हणतोय ते जन्मभर कळू नये. आणि कुणी तरी त्या बैलाचे मागचे पाय आधी उचला.

दुसऱ्या दिवशी उज्ज्वलाचा फोन आला. आईनं सही केली. दवाखान्यात निघालोय. रिक्षात बसवताना ती दोनच वाक्यं बोलली, तुम्हाला सांग म्हणाली.

"कशी सांगू, मावशी? तोंडानं काढता येत नाही एक वाक्य."

"ते ठेव तुझ्याकडं. ती पाण्यावरून देईल. दुसरं काय?"

"म्हणाली, माझा पाखऱ्या परत दे. नाहीतर बरी होऊन येते आणि तुझ्या दावणीतून सोडून नेते."

मी म्हणाले, "तिला म्हणावं, हिंमत असेल तर ये."

फोन ठेवल्यावर ऋतुजानं विचारलं, "आत्या, तुमचं खातं तर बंद झालं. बैल त्यातच अडकला. तो आता द्यायचा म्हटला तरी देता येणार नाही. सांगितलं का त्यांना?"

"नाही."

"कधी सांगणार?"

"पुढच्या पंचमीच्या दुसऱ्या दिवशी. धरणाला दोन काठ आहेत. नौका नाही चालत तिथं, पण आवाज जाईल."

ती ताटल्या उचलत होती. बोंडांची ताटली तशीच तिथं पडलेली, बोंडं त्यात होती. तिनं ती उचलली, बोंडांकडं बघितलं आणि परत ठेवली. मग म्हणाली, "त्या दिवशी मी येईन तुमच्या काठावर. पण आधीच सांगते, आत्या, तुमची ती कोंबडीची शिवी जुनी झालीय. मीही ऐकलीय चारदा."

"तू गप," मी म्हणाले. "तुला भाजी निवडता येत नाही."

"तुम्हाला बोंब पुरी करता येत नाही," ती म्हणाली.